नासक्या द्राक्षांचं सोनं

मैत्रिणींनो, तासगावकडच्या बाईला द्राक्षांचं ते काय कौतुक, असं तुम्ही म्हणाल. खरंच आहे ते. बागेच्या बांधावरच मी लहानाची मोठी झाले. एप्रिलातली खरड छाटणी, ऑक्टोबरातली फळछाटणी, आणि मग फेब्रुवारी-मार्चपर्यंत जिवाला घोर. माझ्या कानावर सगळ्यात जास्त पडलेला शब्द कोणता म्हणाल, तर 'बोर्डो'. "बोर्डो मारला का?" "पाऊस झाला, आता परत बोर्डो!" मोरचूद आणि चुना कालवून केलेलं ते निळं पाणी. आईच्या पातळावरचे त्याचे डाग काही केल्या निघायचे नाहीत. हे एका गावाचं नाव आहे, आणि ते गाव फ्रान्समध्ये आहे, हे मला कळलं तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती!

आमची लेक नोकरीनिमित्त तुलूझला. २०१९ सालच्या ऑक्टोबरात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. चार दिवस झाले, जेवणखाण झालं, तिचं स्वयंपाकघर मी माझ्या पद्धतीनं लावून दिलं (तिला ते आवडलं नाही, तो भाग वेगळा), आणि ती म्हणाली, "आई, बोर्दोला जायचं? आगगाडीनं दोन-सव्वादोन तास." मी लगेच हो म्हटलं. माझ्या मनात ते निळं पाणी होतं. तिच्या मनात काय होतं ते बोर्दोत पोचल्यावर कळलं. तिनं पंधरवड्यापूर्वीच एका वाइनच्या मळ्याला भेट देण्यासाठी आमची नावं नोंदवून ठेवली होती. मळ्याचं नाव शातो दिकेम. शातो म्हणजे गढी, वाडा. 'हे' मिस्कीलपणे माझ्याकडे बघायला लागले. आमच्याकडे दारूचा थेंब कधी आला नाही. वाइन काय नि दारू काय, माझ्या सासूबाईंच्या लेखी एकच.

तर आधी त्या निळ्या पाण्याची गोष्ट सांगते, म्हणजे बोर्दोचं आणि आपलं नातं कळेल. १८७० नंतरच्या वर्षांत अमेरिकेतून आलेल्या एका रोगानं फ्रान्सच्या बागांची पानं करपवायला सुरुवात केली. आपण त्याला केवडा म्हणतो, तोच हा. बोर्दो भागातले बागवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुना शिंपडायचे, तो मात्र रोगासाठी नव्हे. येणाऱ्याजाणाऱ्यानं द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून! निळी, विषारी दिसणारी द्राक्षं कोण खाणार? १८८२ साली मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं, की रस्त्याकडेच्या वेली हिरव्यागार आहेत आणि आतल्या करपल्या आहेत. त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ साली ते मिश्रण जगापुढे मांडलं. चोरांना भिववायला केलेला उपाय तासगावपर्यंत पोचला आणि माझ्या आईच्या पातळावर बसला. मला हे लेकीनं गाडीत सांगितलं तेव्हा मी किती तरी वेळ खिडकीबाहेरच बघत होते.

बोर्दोहून मोटारीनं तासाभरापेक्षा कमी वेळात आपण सोतेर्न भागात पोचतो. मधे लाँगाँ नावाचं लहानसं शहर लागतं, मग बारीक बारीक खेडी, आणि जिकडे तिकडे द्राक्षं. पण आपल्यासारखे मांडव नाहीत हो! वेली जेमतेम कमरेच्या वर, तारांना बांधलेल्या, सरळ रांगांत. वर्षातून एकदाच, हिवाळ्यात छाटायच्या. थंडीत तिथली वेल झोपते. आपली बिचारी बारा महिने जागी.

सकाळी निघालो तेव्हा दाट धुकं होतं. 'हे' म्हणाले, "काही दिसणार नाही, परत फिरू या." लेक हसली. म्हणाली, "बाबा, हे धुकं आहे म्हणून तर तो मळा आहे."

ते कसं, ते ऐका. गारोन ही तिथली मोठी नदी, पाणी जरा कोमट. तिला येऊन मिळते सिराँ नावाची छोटी नदी. ती रानातून, झाडांच्या सावलीतून येते, म्हणून तिचं पाणी गार. शरद ऋतूत दोन्ही पाणी भेटलं की पहाटे धुकं उठतं आणि टेकड्यांवर पसरतं. दुपारी ऊन पडलं की ते विरतं. पहाटे ओल, दुपारी ऊन, असे दिवसामागून दिवस. आता तुम्ही द्राक्षवाल्यांच्या घरच्या असाल तर तुमच्या पोटात गोळाच आला असेल, कारण असल्या हवेत काय येतं? बुरशी!

आणि मैत्रिणींनो, ती मंडळी त्या बुरशीची वाट बघत बसतात.

टेकडीच्या माथ्यावर ती गढी आहे. जाड दगडी भिंती, कोपऱ्याला गोल बुरूज, आत चौक, चौकात विहीर. दिमाख म्हणावा तर नाही, पण दबदबा आहे. गढीच्या पायथ्यापासून चहूबाजूंनी वेली उतरत गेलेल्या, शंभरेक हेक्टर, म्हणजे अडीचशे एकर तरी. धुकं विरायला लागलं होतं. रांगांमधून माणसं वाकून काम करत होती, बायाही पुष्कळ. मी आमच्यासोबतच्या मुलीला विचारून (ती तिथली माहिती सांगणारी, चांगली इंग्रजी बोलणारी) एका रांगेशी गेले आणि घड बघितला. काय सांगू! अर्धे मणी सोनेरी, काही जांभळट तपकिरी, आणि काही चक्क सुरकुतलेले, अंगावर राखेसारखी लव आलेले. आमच्याकडे असा घड दिसला असता तर तो उकिरड्यावर गेला असता, आणि त्या रात्री घरात कुणी जेवलं नसतं.

हे मी उगीच म्हणत नाही. माझे वडील १९८१ साली गेले, तेव्हा आई तीस वर्षांची होती. दोन एकर बाग, तिच्यावर कर्ज, आम्ही तीन भावंडं. सातबाऱ्यावर तिचं नाव लागायलाच दोन वर्षं गेली. भाऊबंद म्हणायचे, बाईमाणसाला बाग झेपायची नाही, आम्ही कसतो. आई काही बोलायची नाही. पहाटे उठून बागेत जायची. एका वर्षी फेब्रुवारीत अवकाळी आली. पिकत आलेले मणी तडकले आणि चार दिवसांत बुरशी धरली. कर्ज मागायला ती गेली, तर "घरातला कर्ता पुरुष घेऊन या" म्हणून परत पाठवली. मग आईनं काय केलं, कात्री घेतली आणि एकेका घडातला नासका मणी कापून काढायला बसली. दोन एकर! मी आणि माझा भाऊ कंदील धरायचो. निम्मा माल तिनं वाचवला. तो घासाघीस करून विकला आणि राहिलेला बेदाण्याला घातला.

आणि इथे शातो दिकेममध्ये तीच कात्री, तेच वाकणं. फरक एवढाच, की ते नासका मणी ठेवतात आणि चांगला वेलीवर सोडतात! तो अजून नासायचा आहे म्हणून. आठ-दहा दिवसांनी परत यायचं, परत बघायचं. एकाच रांगेतून असे पाच-सहा वेळा फेरे होतात. कधी सप्टेंबरात सुरू झालेली तोडणी नोव्हेंबरपर्यंत चालते.

त्या बुरशीचं शास्त्रीय नाव बोट्रायटिस. ओल सतत राहिली तर ती घड कुजवून टाकते. स्ट्रॉबेरीवर करडी लव येते ना, ती हीच. पण ओलीमागून ऊन मिळालं तर तिचं वागणं बदलतं. ती सालीला डोळ्याला न दिसणारी भोकं पाडते, त्यातून मण्यातलं पाणी उडून जातं, आणि आत राहतो दाट, गोड, आंबटसर रस. शिवाय बुरशी त्या रसाचा स्वादही पालटते. फ्रेंच लोक तिला मानानं 'थोर कूज' म्हणतात. (घरातल्या बुरशी आलेल्या द्राक्षांवर मात्र हा प्रयोग कृपा करून करू नका. ती टाकूनच द्यायची.)

रस निघतो तो इतका थोडा, की एका वेलीमागे पेलाभर वाइन होते. बोर्दोतल्या इतर मळ्यांत एका वेलीची बाटली भरते म्हणे. आणि हवा नीट जमली नाही, तर त्या वर्षी शातो दिकेम नावाची बाटलीच निघत नाही. गेल्या शतकात अशी नऊ वर्षं होऊन गेली: १९१०, १९१५, १९३०, १९५१, १९५२, १९६४, १९७२, १९७४ आणि १९९२. पुढे २०१२ सालीही त्यांनी सगळा माल स्वतःच नापास केला. वर्षभराची मेहनत पाण्यात! हे ऐकून मी त्या मुलीला विचारलं, "मग त्या वर्षी खायचं काय?" ती हसली. म्हणाली, मागच्या सालांचा साठा असतो, आणि नावाला बट्टा लागला तर पुढची सगळीच वर्षं जातील. पटलं मला. पण ज्याच्यापाशी साठा आहे त्यालाच असलं शहाणपण परवडतं, हेही मनात आल्याशिवाय राहिलं नाही.

आता खरी गोष्ट. चौकातून कोठाराकडे जाताना ती मुलगी थांबली आणि म्हणाली, हे कोठार १८२६ साली एका विधवा बाईनं बांधून घेतलं. मी दचकलेच.

तिचं नाव फ्रान्स्वाझ जोझेफीन द सोव्हाज. तिच्या घराण्याकडे १५९३ पासून हा मळा होता. तिचा जन्म १७६८ चा. आईबाप लहानपणीच गेले, वारस ती एकटी. १७८५ साली, सतराव्या वर्षी, तिचं लग्न लूर-साल्यूस घराण्यातल्या सरदाराशी झालं. तीनच वर्षांत तो घोड्यावरून पडून गेला. विसाव्या वर्षी वैधव्य, पदरात मूल. आणि दुसऱ्याच वर्षी, १७८९ ला, फ्रेंच राज्यक्रांती! सरदार-जहागीरदारांची डोकी उडत होती, वाडे जप्त होत होते. या बाईला दोनदा तुरुंगात टाकलं. दोन्ही वेळा ती सुटली, परत आली आणि मळा हातातून जाऊ दिला नाही. त्यानंतर तब्बल त्रेसष्ट वर्षं, १८५१ साली त्र्याऐंशीव्या वर्षी डोळे मिटेपर्यंत, तिनं तो कारभार पाहिला. पोटचा मुलगा तिच्या देखत गेला. मग नातू रोमँ बर्त्राँ याला तयार केलं. वाइन बाहेरगावच्या व्यापाऱ्याला पिंपांवर न विकता आपल्या कोठारात मुरवायची, आपल्या नावानं दूरदेशी पाठवायची, ही घडी तिच्या काळात बसली.

तिच्या आधीही नाव होतंच. अमेरिकेचे थॉमस जेफरसन पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, पण तेव्हा ते फ्रान्समध्ये वकील होते. त्यांनी १७८७ साली इथल्या १७८४ च्या अडीचशे बाटल्या मागवल्या होत्या. पण मळ्याची कीर्ती जगभर पसरली ती बाईंच्या हातून. ती गेल्यावर चारच वर्षांनी, १८५५ साली, तिसऱ्या नेपोलियनच्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या दलालांनी वाइनींची प्रतवारी लावली. त्यात शातो दिकेमला सगळ्यांच्या वरची, एकटीची अशी प्रत दिली. १८५९ साली रशियाच्या राजपुत्रानं १८४७ च्या एका मोठ्या पिंपाला, सुमारे नऊशे लिटरला, वीस हजार सोन्याचे फ्रँक मोजले. हे सगळं पाहायला ती नव्हती.

एक दंतकथा तिथे सांगतात. म्हणे मालक रशियात शिकारीला गेले होते, मी आल्याशिवाय तोडणी करू नका असं बजावून गेले. यायला उशीर झाला, द्राक्षं नासली आणि त्यातून ही वाइन अचानक सापडली. साल १८४७. मला काही ही गोष्ट पटत नाही. त्याच्या साठ वर्षं आधी जेफरसन ऑर्डर देत होते ते काय उगाच? आणि बाई तेव्हा मळ्यावर हयात होती. गढीत बाई कारभार करत असताना श्रेय मात्र शिकारीला गेलेल्या पुरुषाच्या उशिराला! जाऊ द्या.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगते. घराणं वाढलं, वाटेकरी वाढले. १९६८ पासून कारभार पाहणारे आलेक्साँद्र द लूर-साल्यूस यांचे भाऊबंद वाटणीला कंटाळले आणि १९९६ साली त्यांनी आपले हिस्से एका बड्या चैनीच्या वस्तूंच्या कंपनीला विकायला काढले. कोर्टकचेऱ्या झाल्या. १९९९ साली तडजोड झाली आणि चारशे वर्षांची मालकी संपली. २००४ पर्यंत ते गृहस्थ कारभारी म्हणून राहिले, मग पिएर ल्यूर्ताँ आले. 'हे' माझ्या कानाशी कुजबुजले, "भाऊबंदकी इथंही आहेच की."

शेवटी आम्हाला एका उजेडाच्या खोलीत नेलं. टेबलावर पांढरी चादर, पातळ काचेचे पेले. २०१५ सालची वाइन. पेल्याच्या तळाशी जेमतेम दोन-तीन घोट. रंग ताज्या मधासारखा. जुनी होत जाते तशी ती केशरी, मग तांबूस होते. शंभर वर्षं टिकलेल्या बाटल्या आहेत. १८११ सालची एक बाटली २०११ साली लंडनला पंच्याहत्तर हजार पौंडांना गेली.

'ह्यां'नी विचारलं, "तू घेणार?" प्रश्न साधाच, पण लेक माझ्याकडे बघत होती. मला सासूबाई आठवल्या, आई आठवली, गावची गुत्त्याबाहेर पडलेली माणसं आठवली. खोटं कशाला बोलू, हात थांबला. ज्यांना घ्यायची नसेल त्यांनी नुसता वास घेतला तरी चालतं, असं ती मुलगी समजुतीनं म्हणालीही. तुम्हालाही कधी असा प्रसंग आला तर हे लक्षात ठेवा. नाही म्हणण्यात तिथे कुणाला काही वाटत नाही. आणि हो म्हटलं तरी घोट तोंडात घोळवून शेजारच्या भांड्यात टाकायची रीतच आहे.

मी वास घेतला. आधी मध, मग जर्दाळू, मग संत्र्याच्या सालीचा मुरंबा, आणि मागून केशर घातल्यासारखं काहीतरी. मग एक घोट घेतला. गोड, पण पाकासारखी गिळगिळीत नव्हे. आपल्या साखरांब्यात कैरीचा आंबटपणा कसा गोडाला धरून उभा असतो, तसं. एका लिटरात सव्वाशे-दीडशे ग्रॅम साखर असते, पण जिभेला तिचं ओझं होत नाही. ही साखर वरून घातलेली नाही बरं का. रसात साखर इतकी, की आंबवण पूर्ण होण्याआधीच किण्व थकतं आणि उरलेली गोडी तशीच राहते. मात्र मद्यार्क तेरा-चौदा टक्के आहे, हे विसरायचं नाही. गिळल्यावर चव जातच नाही. लेकीनं घड्याळ लावलं होतं. मिनिटभरानंतरही माझ्या टाळूला संत्र्याची साल होती.

ही वाइन तिथे निळ्या बुरशीच्या खारट चीजबरोबर घेतात. म्हणजे बुरशीला बुरशी! गोड-खारटाची ती जोडी मला आवडेल असं वाटलं नव्हतं, पण तुलूझला गेल्यावर करून पाहिली, छान लागते. शातो दिकेमची बाटली घेण्याचा विचारही करू नका, तीनशे युरोंच्या पुढची गोष्ट. पण त्याच सोतेर्नच्या आणि शेजारच्या बार्साकच्या लहान मळ्यांच्या अर्ध्या बाटल्या पंधरा-वीस युरोंत मिळतात, धुकं तेच, बुरशी तीच. आम्ही तशीच एक घेतली होती. उघडल्यावर बूच घट्ट बसवून फ्रिजमध्ये ठेवली तर आठ-पंधरा दिवस चांगली राहते. आणि जायचं असेल तर नावनोंदणी आधी करा, पायात साधे बंद बूट घाला, आणि सकाळची वेळ घ्या, धुकं दिसायला हवं.

परत आल्यावर दिवाळीला गावी गेले. आई अडुसष्ट वर्षांची होती, बाग आता भाऊ बघतो, तरी ती रोज चक्कर मारायचीच. मी मोबाइलवर तिला तो घड दाखवला. तिनं चष्मा पुसला, फोन जवळ धरला, लांब धरला.

"अगं, हे तर नासलंय," ती म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. धुकं, दोन नद्या, कात्र्या, पेलाभर रस, त्याची किंमत. किमतीवर तिचा विश्वास बसला नाही. मग त्या बाईची गोष्ट सांगितली. विसाव्या वर्षी नवरा गेला, दोनदा तुरुंग झाला, त्रेसष्ट वर्षं बाग सांभाळली. आई गप्प बसून ऐकत होती. बराच वेळ फोनवरचा तो घड बघत राहिली.

मग म्हणाली, "सातबाऱ्यावर नाव लागलं का गं तिचं?"